पिवळ्या विमानाची काच

धाकटा भाऊ कवळ्या बनवायचा. हिरड्यांचे रंग जुळवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे हात दगडासारखा स्थिर. म्हणूनच थोरल्यानं त्याला एका मॉडेल विमानाचं किट आणायला लावलं. शेतांवर औषध फवारणारं याच जातीचं पिवळं विमान थोरला एके काळी उडवत असे. आता दोन वर्षं तो अर्धांगवायूनं पलंगाला खिळला होता. एक हात आणि जीभ तेवढी शाबूत.

रोज दुपारी धाकटा येई आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसे. मधलं दार उघडं ठेवायचं, असा हुकूम होता. पलंगावरून थोरल्याला टेबल दिसायचं.

"हा पिवळा? कावीळ झालीय विमानाला. खरवडून काढ."

तीनदा खरवडून झालं होतं. वहिनी चहा आणून ठेवायची. तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. चहा गार आहे म्हणून थोरल्यानं कप तिच्यावर उलटवला होता. चहा गार नव्हता.

त्या दिवशी धाकट्यानं नखाएवढा वैमानिक रंगवायला घेतला. चार केसांच्या ब्रशनं त्याच्या डाव्या गालावर रंग टेकवला.

"गालावर काय पडलं गं?" आतून थोरला खेकसला. "गारढोण लागतंय."

वहिनीनं जाऊन डावा गाल पुसला. कोरडाच होता.

धाकट्यानं बाहुल्याच्या कानाला ब्रश लावला. थोरल्यानं कान झटकला. मानेला लावला, तशी थोरल्यानं मान आखडून घेतली. योगायोग, धाकटा स्वतःशी म्हणाला. त्यानं ब्रश धुतला, वैमानिक आसनावर चिकटवला आणि कॉकपिटवरची काचेसारखी टोपी नुसती ठेवून पाहिली. चपखल बसली.

"खिडकी कुणी लावली? कोंडतंय मला!"

खिडक्या सताड उघड्या होत्या, पडदे हलत होते. थोरला आ वासून हवा ओढत होता. धाकट्यानं टोपी उचलली. आतली धाप थांबली. टोपीच्या आतल्या बाजूला तांदळाएवढं धुकं धरलं होतं. तो बघत असतानाच ते विरलं.

त्यानं वर पाहिलं. वहिनी शेजारीच उभी होती.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली.

त्यानं ठेवली. आत घरघर लागली. त्यानं घाईघाईनं काढली.

"नीट बसते?"

"बसते."

"काय कुजबुज चाललीय दोघांची?" थोरला ओरडला. "पिवळा चुकलाय, म्हटलं ना! सगळं खरवड. पहिल्यापासून कर."

वहिनीनं डिंकाची बाटली पुढे सरकवली. "भाऊजी, किती दिवस खरवडणार? पुरं करून टाका आता."

धाकट्यानं कडेनं डिंकाची बारीक रेघ ओढली. हात हलला नाही. टोपी बसवली आणि बोटानं दाबून धरली.

टोपीच्या आत धुकं पसरलं. त्यात एक बारीक रेघ पुसली गेली. आतून.

मग दुसरी.

धाकट्याला बघवेना. त्यानं खरवडायचं पातं उचललं आणि टोक टोपीच्या कडेत सरकवलं.

"एक काम..." पलंगावरून फाटका आवाज आला, "एक काम कधी... धड..."

धाकट्यानं पातं खाली ठेवलं.

वहिनीनं मधलं दार ओढून घेतलं. मग दोघांनी बसून चहा घेतला.

हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कुणालाच नवल वाटलं नाही. धाकट्यानं विमानावर वार्निशचा शेवटचा हात फिरवला, ते कपाटावर ठेवलं आणि त्या घरी जाणंच सोडलं.

महिन्याभरानं मात्र लोक नावं ठेवतील म्हणून गेला. भरदुपार होती, दार लोटलेलंच होतं. वहिनी खुर्ची कपाटाजवळ ओढून बसली होती, विमानाला कान लावून. काचेवर कुणीतरी नख वाजवावं, तसा बारीक आवाज खोलीत येत होता. थांबत होता. पुन्हा येत होता.

वहिनीला धाकट्याची चाहूल लागली नाही.

"ऐकू येत नाही हो," ती लाडानं म्हणत होती. "जरा मोठ्यानं बोला ना."