लेस्टरचं गवत

"शेरीफ यायच्या आत या," एवढंच वर्ना हॅस्केटने फोनवर सांगितलं, आणि खाजगी गुप्तहेर आर्डिथ निक्विस्ट तडक निघाली. गाडी अर्थातच तिचा मदतनीस मायलो याची. पेट्रोल त्याचं, डोकं तिचं आणि नावही तिचंच. मायलो कित्येक वर्षं यावर मनातल्या मनात जळत होता.

वर्ना गावच्या बेसबॉल संघाची मालकीण. नवऱ्यामागे तिने संघ एकटीने रेटला आणि आता ती थकली होती. देशभरातले छोटे संघ एकामागून एक गिळणारी कंपनी आज दुपारी तिचाही संघ विकत घेणार होती. आणि सकाळी मैदानातल्या गवतावर डिझेल ओतलेलं सापडलं होतं.

"ठसे लेस्टरच्या गमबुटांचे आहेत," वर्ना म्हणाली. "आमचा माळी तो. कंपनी प्लास्टिकचं गवत टाकणार कळल्यावर चारचौघांत ओरडला होता, त्यापेक्षा जाळून टाकीन म्हणून. पण पोटच्या पोराला कुणी विष घालतं का हो?"

"बूट कुठे असतात?"

"अवजारांच्या खोलीत. डिझेलही तिथेच. कुलूप कधीच नसतं."

कालचा पाऊस थांबल्यावर लेस्टरने विक्रीच्या समारंभासाठी खेळाची हद्द दाखवणारी चुन्याची पांढरी रेष ओढली होती. ठसे ओल्या मातीतून रेषेपलीकडे गेले होते आणि तसेच परत आले होते. रेष मात्र जशीच्या तशी होती.

"एकही पाऊल रेषेवर नाही," आर्डिथ म्हणाली.

"पांढरी रेष अंधारातही दिसते. त्यात काय एवढं?" मायलो म्हणाला.

ती नुसती हसली. तिचं ते हसणं त्याला मुळीच सोसत नसे.

मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभं राहून तिने एकेकाला बोलावलं. आधी कंपनीचा कोलबर्न चकचकीत बूट रेषेवर आपटत आला. "मैदान आम्ही उकरणारच आहोत. डिझेल ओतायला मला वेड लागलंय?"

मग लेस्टर. त्याचाही पाय रेषेवर पडला. त्याने मागे वळून पाहिलं. "पुसली वाटतं. ओढतो परत. मी काही केलं नाही, बाई."

शेवटी संघाचा प्रशिक्षक बक टॉलिव्हर. साठी उलटलेला हा जुना खेळाडू रेषेजवळ येताच मोठी ढांग टाकून पलीकडे आला. आपले गुडघे आठवून मायलोला त्याचाही हेवा वाटला.

"लेस्टरच तो!" बक म्हणाला. "लाडका ना! वर्नाने कंपनीकडे एकाच माणसाची नोकरी मागून घेतली, ती त्याची; बाकी आम्ही सगळे घरी. मी जन्मभर पोरं घडवली, ते कुणाच्या खिजगणतीत नाही."

शेरीफ आला तेव्हा आर्डिथने सगळ्यांना उंचवट्याभोवती जमवलं.

"बूट कुणालाही घालता आले असते, पण चालण्याची सवय बुटांबरोबर बदलत नाही. मेला तरी बेसबॉलचा खेळाडू या रेषेवर पाय देत नाही. अपशकुन मानतो. कोलबर्नला ते ठाऊक नाही, आणि रेष रोज ओढणाऱ्या लेस्टरला तिचं काही वाटत नाही. डिझेलचा डबा घेऊन, अंधारातही, जाता-येता रेष ओलांडली ती—"

"गावात जुने खेळाडू काय कमी आहेत?" बक गुरकावला.

"पुष्कळ आहेत. पण लेस्टर तुरुंगात गेला तर रिकामी होणारी जागा त्यांच्यापैकी कुणाला हवी होती?"

मायलोने कपाळावर हात मारला. ती ढांग त्यानेही पाहिली होती!

बकचा चेहरा पडला. "एकच जागा मागितलीस, वर्ना. एकच! आणि ती गवत कापणाऱ्याला?"

"कंपनी एकच द्यायला तयार होती," वर्ना म्हणाली. "पण काल संध्याकाळी लेस्टर माझ्याकडे आला. म्हणाला, माझं नाव काढा आणि बकचं घाला. आज सगळ्यांसमोर मी तेच जाहीर करणार होते."

बक लेस्टरकडे वळला. "का?" त्याने विचारलं.

लेस्टर वाकून डिझेलने करपलेल्या गवतात बोटं घालून मुळं चाचपत होता. त्याने मान वर केली नाही.

"मला गवत कुठेही कापता येईल, बक. तुला दुसरं काय येतं?"