शकूताईची वाटी

तुमचं जेवण व्हायचं असेल तर आधी जेवून घ्या, मग हे वाचा. चेष्टा करत नाहीये.

या पेजवर लोक काय काय टाकतात ते मीही वाचते. अर्ध्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. पडका बंगला, पांढरी साडी, अमावास्येची रात्र... माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. भर दुपार होती. एसी चालू होता. आणि आम्ही रामेन खायला बसलो होतो.

रामेन म्हणजे जपानी नूडल्स. मोठ्या बाऊलमध्ये रस्सा घालून देतात.

तारीख २२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. वेळ अडीचच्या आसपास. जागा, शहापूरजवळ नाशिक हायवेला लागून असलेलं रामेनचं हॉटेल. नाव सांगत नाही. हॉटेलवाल्यांची काही चूक नव्हती.

चूक माझी होती.

मी रविना. किन्हवलीची. शहापूरला एका मेडिकलमध्ये कामाला आहे. शकूताई माझी सख्खी मोठी बहीण. तिला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. शेवटचे चार महिने ती आमच्याकडेच होती. भावजी ट्रकवर, महिन्यातून दोनदा येणार. तिची मुलगी वैष्णवी आठ वर्षांची. दोघींचं सगळं मीच बघत होते.

ताईला गिळता येत नव्हतं. पोटात नळी होती, तिच्यातून पातळ जायचं. पण जिभेची चव शाबूत होती. मग ती काय करायची, घास तोंडात घ्यायची, सावकाश चावायची, चव घ्यायची आणि स्टीलच्या वाटीत टाकायची.

चक्... चक्... चक्... पच्.

ती वाटी मी धरायचे.

खरं सांगते, मला किळस यायची. लाळेची तार तुटायची नाही, वाटीच्या काठाला लोंबायची. वास येऊ नये म्हणून ती वेलची चघळायची. तो वेलचीचा आणि आंबलेला असा मिळून वास... मी तोंड फिरवूनच वाटी धरायचे.

एकदा तिने विचारलं, "तुला किळस येते ना गो माझी?"

"नाय गो ताय. कायतरीच तुझं."

एवढं बोलले आणि मागच्या मोरीवर जाऊन ओकले. भिंत पत्र्याची होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. त्या दिवसानंतर तिने माझ्याकडे वाटी मागितली नाही.

मग ती पडल्या पडल्या मोबाइलवर लोक जपानी नूडल्स ओढून खातात ते व्हिडिओ बघत बसायची. तासन् तास. "माना एकदा त्या जपानी खायाचा हाय," म्हणायची.

ऑक्टोबरमध्ये ती गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर चार बसले होते, एकही खाली येईना. भावजी म्हणाले, वैष्णवीला शिकवीन. आमची आई म्हणाली, पोरीला अंतर देणार नाही. दीड तास गेला. ऊन डोक्यावर आलं.

मला रडू फुटलं. मी हात जोडले आणि मोठ्याने बोलले, "ताय, तुला त्या जपानी खायला घालीन. तुझ्यासोबत एका वाटीत जेवीन. तोंड नाय फिरवणार."

लगेच कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एक जयराम काका सोडून. आमच्या भावकीतले सगळ्यात जुने. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय बोललीस गो ह्या? मेलेल्याचा पान वेगळा वाढतान. वाढाचा, पाठ फिरवाची, निघाचा. एका वाटीत कोन जेवतं काय?"

मला त्यांचा राग आला. म्हटलं, बोलून गेले, आता काय जीभ कापू?

चार महिने मी टाळलं. मग ते रामेनचं हॉटेल सुरू झालं. वैष्णवी मागेच लागली. मीही विचार केला, शब्द पुरा करून टाकू. काका म्हणतात तसं, वेगळं पान वाढून.

आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं. मशीनवर बोट लावून ऑर्डर द्यायची पद्धत होती. मी तीन बाऊल सांगितले. एक माझा, एक वैष्णवीचा, तिसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

बाऊल घेऊन आलेली मुलगी आपल्याकडचीच, उंबरमाळीची. शर्टावर नाव होतं, रेश्मा. पांढुरका दाट रस्सा, वर तेलाचे डोळे, अर्धं अंडं, पातीचा कांदा, काळं शेवाळ. मला तर बघूनच नको झालं. वैष्णवी मात्र खूश. खायच्या काड्या जमेनात म्हणून चमच्याने सुरू झाली.

मी मनात म्हटलं, ताई, हे तुझं. खा पोटभर. आणि माझ्या बाऊलमध्ये काड्या घातल्या.

तेवढ्यात आवाज आला...

चक्... चक्...

मी वैष्णवीकडे बघितलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. ती अंड्यावर फुंकर मारत होती.

चक्... चक्... चक्...

हॉटेलात आमच्याशिवाय लांब दरवाजापाशी दोनच माणसं होती. समोरची खुर्ची रिकामी. तिथल्या बाऊलमधला रस्सा हललासुद्धा नव्हता.

पच्.

आवाज माझ्या बाऊलमधून आला.

मी खाली बघितलं. नूडल्सवर एक गोळा पडला होता. पांढरा. चावलेला. त्यात कांद्याची हिरवी चिंधी, अंड्याचा पिवळा चोथा. वर फेस. गोळ्यापासून बाऊलच्या काठापर्यंत लाळेची तार गेली होती... ती हळूहळू लांबत होती.

आणि वास. वेलचीचा.

मी बाऊल ढकलला आणि तोंड फिरवलं.

रेश्मा धावत आली. बाऊलमध्ये बघून तिने नाकाला हात लावला. "ताय, पोरीनं उलटी केली काय?"

म्हणजे तिलाही दिसत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मला लोकांनी वेड्यात काढलं.

"बदलून आणते," म्हणाली आणि बाऊल घेऊन गेली. बिचारीने दुसरा आणून दिला. गरम, वाफाळता, स्वच्छ. मी दोन मिनिटं त्यात बघत बसले. काहीच झालं नाही. जीव भांड्यात पडला.

मग वैष्णवी म्हणाली, "मावशी, माझं मऊ झालं. बघ, चावायलाच लागत नाय."

...तिच्या चमच्यात तो गोळा होता.

चमचा तोंडापासून बोटभर लांब. ओठाला लाळेची तार टेकली होती. पोरगी हसत होती.

"टाक ते!" मी ओरडले.

तिने टाकलं नाही. हाताला कुणी खालून आधार दिल्यासारखा तिचा हात वर सरकला. "आईच्या वाटीसारखा वास येतो," ती म्हणाली. तिने तोंड उघडलं.

त्या क्षणी मला पत्र्याची भिंत आठवली. मोरी आठवली. मी वेगळं पान वाढून ताईला फसवायला निघाले होते. आणि मी तोंड फिरवलं होतं.

मी तिच्या हातातला चमचा हिसकावला. आणि तोंडात घातला.

कोमट होतं. मीठ नव्हतं. कुणीतरी सगळी चव आधीच काढून घेतली होती. जिभेला बुळबुळीत लागलं, दातांखाली करकर झाली. वेलचीची साल. घशाखाली उतरेना. डोळ्यांतून पाणी आलं. मी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मान वळवली नाही. तीनदा ओकारी आली, तीनदा आत ढकलली.

गिळलं.

आवाज थांबला.

"मावशी, माझं खाल्लंस तू," वैष्णवी रडायला लागली. मी तिला छातीशी धरलं.

निघताना समोरचा बाऊल बघितला. वेगळं वाढलेलं पान. तसंच्या तसं होतं, वर तेलाची साय धरली होती. तिने त्याला शिवलंही नव्हतं.

घरी येऊन मी जयराम काकांना सगळं सांगितलं. ते चहा पीत होते. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"एका वाटीत जेवीन बोललीस. किती येळा, ता बोललीस काय?"

मी नाही म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. नंतर त्यांच्या सांगण्यावरून पूजा केली, नदीवर नारळ सोडला. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. काही नाही म्हणाले.

रोज होत नाही. आठ-पंधरा दिवसांनी होतं. भाकरी असो, आमटी-भात असो. मी पहिला घास उचलते आणि तो कोमट लागतो. चव काढून घेतलेला. मग वेलचीचा वास.

मागच्या महिन्यात मला ताप होता. पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. त्या दिवशी नेमका तसा घास आला. नाही जमलं मला. मी ताट सरकवलं आणि तोंड फिरवलं.

समोर वैष्णवी जेवत होती. तिचा हात थांबला.

"मावशी... माझा भात कोणी चावला?"

मी तापातच उठले आणि तिच्या ताटातला तो घास खाल्ला.

आता वैष्णवी शाळेतून आली की आम्ही जेवायला बसतो. मी नेहमी तिच्या आधी घास घेते. ती विचारते, मावशी, तुला एवढी भूक कशी गो लागते?

मी म्हणते, लागते बाय.

आणि तोंड न फिरवता गिळते.