तीन बोटांची तपासणी

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आरोग्य केंद्राचं टेबल नेमकं भजीवाल्याशेजारी लागलं होतं. त्यामुळे गर्दी तपासणीला आहे की भज्यांना, हे नर्स करुणाला दुपारपर्यंत कळेना. काम तसं सोपं होतं. माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का, ते बघायचं.

रांगेतून एक उंचापुरा तरुण पुढे आला. बुद्धभूषण, कुरुंद्याचा, हळद शिजवायचं मशीन घेऊन शेतोशेत फिरणारा. नखं पिवळीधमक, डोळे हसरे... त्या डोळ्यांत करुणा क्षणभर अशी अडकली, की आपण तोंड बघायला बसलोय हेच विसरली.

त्याची दोनच बोटं आत गेली.

तो हसण्यावारी न्यायला लागला, पण ती हसली नाही. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गुटख्याने गाल आखडू लागलेत. आजच सोडला तर पुढचं संकट टळेल. बुद्धभूषणच्या तोंडचं पाणी पळालं. खिशातली पुडी त्याने निमूटपणे टेबलावर ठेवली.

"दर बाजाराला येऊन दाखवायचं," करुणाने बजावलं. "अन् खोटं बोललात तर मला कळतंय बरं."

म्हणाली खरी, पण खोटं तिला कधीच कळलं नव्हतं. तिचे वडील ग्यानोबा रोज "सोडली गं पोरी" म्हणायचे आणि पुडी सायकलच्या सीटखाली लपवायचे. तोंडाच्या कॅन्सरने ते गेले, तेव्हा ती बारावीत होती. पुडी खाणाऱ्याच्या घरात नांदायला जायचं नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पण मनाला कुणी दावं बांधलंय? बुद्धभूषण दर बाजाराला येऊ लागला. पुडीऐवजी बडीशेप चघळायचा, सांगितलेले तोंडाचे व्यायाम करायचा, तब्येतीसाठी जवळच्या शेतांवर मोटारसायकल सोडून पायी जायचा. एकदा तर त्याने मेथीची जुडीच तिच्यापुढे धरली. तुम्हीच म्हणालात पालेभाजी खा, म्हणून घेतली, पण एकट्याने कशी खाऊ, असं त्याचं म्हणणं. करुणाने मान खाली घालून जुडी घेतली. संध्याकाळी घरी ती भाजी निवडताना तिला उगाचच हसू येत राहिलं.

"सगळे तुमाला सिस्टर म्हणून राहिले," तो एकदा हळूच म्हणाला, "माझ्यानं न्हाई होत."

"काहून?"

त्याचे डोळे हसले... आणि करुणाने रजिस्टरमध्ये भलत्याच माणसाच्या नावापुढे खूण केली.

दीड महिना झाला. त्या दिवशी तो नवा सदरा घालून आला. दोन बोटं जाऊन तिसरंही अर्धं शिरलं. करुणाचा चेहरा फुलला, पण त्याने मान खाली घातली.

"मंगळवारी एक पुडी खाल्ली," तो म्हणाला. "हळद शिजवताना सगळे खाऊन राहिले होते. हात पुढं गेला."

करुणाला रागच आला. दीड महिन्याची मेहनत पाण्यात घातली होती त्याने.

"बोटं तर जाऊन राहिली," ती तुटकपणे म्हणाली. "मला कळलंही नसतं. मग सांगितलं काहून?"

"तुमाला मागणी घालाया निघालो होतो आज. पहिलंच बोलणं खोटं कसं करू?"

करुणाचे डोळे भरून आले. 'पुडी खाल्ली' हे एक खरं वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकायला ती किती वर्षं आसुसली होती! ते एकदा तरी खरं बोलले असते, तर तिने त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं.

तिने डोळे पुसले.

"मागणी माझ्या आईपुढं घाला. जनकाबाई म्हणतेत तिला. ती आधी खिसे तपासती."

"अन् तुमी?"

"मी रोज विचारणार. खाल्ली असली तरी खरंच सांगायचं... रागावले तरी हात सोडणार न्हाई मी."

भजीवाला, रांग, सगळा बाजार बघत होता. बुद्धभूषणने हात पुढे केला आणि पहिल्यांदाच तिला नावाने म्हणाला, "सांगीन, करुणा."