पाइपाच्या दुसऱ्या टोकाला

इस्पितळात त्याला सगळे ‘प्लंबर’ म्हणत. काम खरं तर संगणकांचं. पण एका प्रोग्रामचं तोंड पाइपाने, म्हणजे संगणकातल्या न दिसणाऱ्या नळीने, दुसऱ्याच्या कानाला जोडून देणं ही त्याची हौस. खरा प्लंबर यामुळे कावला होता, कारण गळक्या नळांच्या तक्रारी याच्याकडे यायच्या आणि पुढे कुठेच जायच्या नाहीत.

नव्या माणसाला तो पाइपाचा स्वभाव समजावून सांगायचा. “एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं. एकाने उचललेलं दुसऱ्याला मिळत नाही. आणि ऐकणारा उठून गेला की बोलणारा गप्प बसतो. माणसांत ही पद्धत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.”

त्या आठवड्यात त्याची थोरली बहीण वरच्या मजल्यावर, हृदयाच्या वॉर्डात होती. खाटेजवळच्या यंत्रातला प्रोग्राम तिच्या प्रत्येक ठोक्याला पाइपात एक ओळ टाकी; दुसऱ्या टोकाचा प्रोग्राम ती उचलून सिस्टरच्या पडद्यावर दाखवी. दुपारी सिस्टरने त्याला बोलावलं.

“तुमच्या ताईंचे ठोके मधे मधे गळतायत. खाटेजवळ पूर्ण आहेत, माझ्याकडे कमी येतायत.”

“पाइप गळत नसतो, सिस्टर.”

“मग बघा काय ते. नळ तुमचा.”

ओळी गहाळ व्हायला एकच कारण असतं: आणखी कोणीतरी वाचतंय. पाइप कोणी कोणी उघडलाय, असं त्याने कमांड देऊन विचारलं. उत्तरात दोनच नावं आली. बोलणारा, आणि त्याने स्वतः बसवलेला ऐकणारा. आपलंच काही चुकलं असणार, असं म्हणून त्याने ऐकणारा बंद केला. आता बोलणाऱ्याने गप्प बसायला हवं होतं.

तो बसला नाही. ओळीमागून ओळ जात होती. कोणीतरी घेत होतं. हपापल्यासारखं नव्हे, हाताशी भरपूर वेळ असल्यासारखं.

लॅपटॉप काखेत मारून तो वर धावला.

“आजारी मी आहे,” ताई म्हणाली, “तुझं तोंड का उतरलंय?”

“काही नाही. तुला कसं वाटतंय?”

“मघापासून छातीत पायरी चुकल्यासारखं होतंय. अंधारात जिना उतरताना होतं ना, तसं.”

खाटेजवळचं यंत्रही आता ठोके चुकवत होतं. सिस्टर डॉक्टरांना आणायला पळाली. त्याने यंत्र पाइपापासून तोडलं. ओळी जातच राहिल्या. ताईचे ओठ काळपट पडत चालले होते.

वाचणाऱ्याला दुसरं काहीतरी वाचायला द्यावं, एवढंच त्याला सुचलं. मग नवी जोडणी तपासताना त्याच्या धंद्यातले सगळेच करतात ते त्याच्या हातांनी आपोआप केलं. लॅपटॉपला जोडलेला, नाडी मोजायचा चाचणीचा चिमटा त्याने स्वतःच्या बोटाला लावला आणि आपले ठोके पाइपात सोडले.

ताईचं यंत्र सुरळीत चालू लागलं.

डॉक्टर आले, वायर सैल असेल म्हणाले आणि गेले. ताईच्या ओठांवर रंग परत आला होता.

“उगाच नाही प्लंबर म्हणत,” सिस्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

त्याने चिमटा काढून टेबलावर ठेवला.

लॅपटॉपवर ओळी जात राहिल्या.

त्याने मनगटावर बोटं टेकली. ठोका, ओळ. ठोका, ओळ.

मग एक ओळ गेली, आणि बोटांखाली काहीच लागलं नाही.

“बस की जरा,” ताई डोळे मिटून म्हणाली. “कुठे जायचंय तुला?”

तो बसला. पुढची ओळ जरा रेंगाळून गेली.