उन्मेष वर आहे

मे महिन्यातल्या त्या दिवशी निरुपमाने वरची खोली झाडून पुसून घेतली, बाथरूममध्ये नवा साबण ठेवला आणि गादीवर धुतलेली चादर घातली. परदेशातून येणाऱ्याने सात दिवस घरातच वेगळं राहायचं, असा तेव्हा नियम होता. येणारा होता तिचा धाकटा भाऊ उन्मेष, टोरोंटोहून. दोन ठिकाणी विमान बदलून तो अहमदाबादला उतरणार आणि तिथून टॅक्सीने बडोद्याला, फतेगंजच्या घरी येणार. विमानात चढायचं तर कोविडची ताजी टेस्ट लागते, ती शिळी झाली की बसू देत नाहीत, हे त्याने निरुपमाच्याच फोनवरून आईला चारचारदा समजावलं होतं आणि आईने ते सगळ्या शेजाऱ्यांना.

निरुपमा शाळेत गणित शिकवायची. सध्या घरूनच, लॅपटॉपसमोर बसून. वडील गेल्यापासून आईचं सगळं तीच बघत आली होती. गोळ्या, गुडघ्यांचं तेल, दवाखान्याच्या खेपा. त्यासाठी आईने कधी पाठीवरून हात फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि आता केसर आंब्यांची पेटी आईने पलंगाखाली सारून ठेवली होती, उन्मेष आल्यावरच उघडायची म्हणून. निरुपमाच्या अंगाचा तिळपापड झाला. आंबे पिकले का ते रोज वाकून बघायचं काम मात्र तिच्याकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. विमानात देतात तो पांढरा झगा, तोंडावर मास्क, त्यावर फेस शिल्ड. दार उघडून ती लांब उभी राहिली. त्याने नुसता हात वर केला आणि बॅग घेऊन थेट जिना चढून गेला. वरच्या दाराला आतून कडी लागली. प्रवासाने घसा बसलाय, एवढं त्याने दाराआडून सांगितलं. आईच्या डोळ्यांना धार लागली. निरुपमाने दारापासून जिन्यापर्यंत सॅनिटायझर मारलं आणि ती वर्ग घ्यायला बसली.

थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. उन्मेषचं नाव. आल्या आल्या वरून हुकूम सुरू झाले, असं तिला वाटलं. आईला वर पाठव, चहा पाठव, दुसरं काय असणार! तिने त्याचा नंबर मुका करून टाकला. लाडक्या लेकाला काय हवं-नको ते आईनेच बघावं.

आणि आई बघतही होती. बाथरूमपर्यंत जायला जिला हाताचा आधार लागायचा, ती बाई जेवणं आटोपली की कठड्याला धरून जिना चढायची आणि वरच्या पायरीवर बसून बंद दाराशी संध्याकाळपर्यंत बोलायची. मधूनच हसायची. आईचं असं हसणं निरुपमाने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा ती जिन्याखाली उभी राहिली, तर आई 'आमची थोरली' म्हणाली, काहीतरी लहानपणचं सांगू लागली आणि पुन्हा हसली. दोघं मिळून आपली टर उडवताहेत, असं तिने धरलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

ताट ती दाराबाहेर ठेवायची. ते परत यायचं घासूनपुसून, कोरडं. हळदीचा डाग नाही की तेलाचा वास नाही. दारापाशी वाकलं की खालच्या फटीतून पावलांवर गार हवा यायची. त्या खोलीत एसी नव्हता. बाहेर ऊन रणरणत होतं, वारा फिरला की बाजव्याकडून रिफायनरीचा जळका दर्प घरभर पसरायचा. त्या दारापाशी मात्र कसलाच वास नसायचा... माणसाचासुद्धा नाही. तिला ते खटकलं. पण मनात रागच इतका होता की दुसरं काही फार वेळ टिकत नव्हतं.

सहाव्या दिवशी तिने ठरवलं की आज काही यांच्या गप्पा रंगू द्यायच्या नाहीत. आईच्या दुपारच्या गोळ्यांत तिने सर्दीची, झोप आणणारी गोळी मिसळली. आई जेवली आणि तिथेच आडवी झाली. वेळ झाली तसं वरच्या दारावर आतून टक् असं वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. बस आता एकटा, असं मनाशी म्हणत तिने फोन काढला. कसा कासावीस झालाय ते तिला बघायचं होतं.

न उचललेल्या फोनची रांग होती. ती बघत असतानाच पुन्हा त्याचा फोन आला.

"ताई, अगं आहेस कुठे? किती फोन केले तुला!" घसा ठणठणीत होता. मागे गर्दी होती, कुठल्या तरी विमानाची घोषणा चालली होती. "मी अजून आखातातच अडकलोय. पहिलं विमान उशिरा पोचलं, टेस्टची मुदत संपली, पुढच्यात बसू देईनात. बाहेर पडायला व्हिसा नाही. बाकड्यावर दिवस काढलेत. नवी टेस्ट आलीय आता, निघतोच आहे... आई कशी आहे?"

बरी आहे म्हणून तिने फोन ठेवला आणि त्याचा नंबर पुन्हा बोलता केला. खरं सांगायचं तर भीती तिला नंतर वाटली. आधी आनंद झाला. तो आलेलाच नाही, सहा दिवस आई कुणा भलत्याशीच लाडात येऊन बोलत होती, आणि हे आईला आता आपण सांगणार. मग वर पुन्हा टक् झालं आणि ती आईकडे धावली.

तिने आईला हलवून उठवलं. "आई, वर उन्मेष नाहीये."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "वेळ काय झाली? आज त्याच्याशी बोललं कोण?"

"कोणाशी...?"

"बेस इथे. शांतीथी, शांतपणे ऐक. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. उन्मेष माझं इतकं कधी ऐकून घेतो? ते... ते म्हणतं, दोन मुलांतलं एक दे. नाव तू घे. नाव घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. सातवा दिवस सरला की ते आपलं जाईल. म्हणून बोलत बसते. तुमच्या गोष्टी सांगते, हसून दाखवते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलणं थांबलं की ते नाव मागतं." तिने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा कलंडली. "पाय उचलत नाही गं. तू जा, निरू. काहीही बोल. नाव तेवढं घेऊ नकोस."

निरुपमा उठली नाही. "घ्यावंच लागलं असतं, तर कोणाचं घेतलं असतंस?"

"कोणाचंच नाही," आई म्हणाली. पण म्हणताना तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

वरची पायरी गार होती. निरुपमा आईच्या जागेवर बसली.

"आई नाही आली?" दाराआडून बसक्या आवाजात कोणीतरी विचारलं.

"झोपलीय."

"तुझं नाव दोनदा तिच्या जिभेवर आलं होतं," आवाज हळूच म्हणाला. "गिळलं तिने..."

खोटं असेल, तिला कळत होतं. तरी नेहमीचा राग उसळला. "आणि त्याचं?"

"त्याचं कधीच नाही."

आज आणि उद्या दुपारभर नुसतं बोलत राहायचं होतं. पाढे म्हटले असते तरी चाललं असतं. "उन्मेष," ती म्हणाली.

कडी सरकली. दार उघडलं, आत कोणी नव्हतं. चादरीवर सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. गार हवा तिला घासून जिना उतरली, पुढचं दार एकदा आपटलं आणि घरात पुन्हा उकाडा भरला. निरुपमाने घाम पुसला. संपलं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती खाली आली.

फोन वाजत होता.

"ताई, बसलो एकदाचा विमानात!" उन्मेष खुशीत होता. "हल्ली शेजारची सीट रिकामी ठेवतात, माझ्या शेजारी मात्र आत्ता ऐनवेळी एकजण येऊन बसलाय. आपल्या बडोद्याचाच. मराठी बोलतो, घसा बसलाय बिचाऱ्याचा. तुला ओळखतो म्हणे. माझं नाव तूच सांगितलंस त्याला...?"

तेवढ्यात बोलणं तुटलं. तिने परत लावला, फोन बंद होता.

"निरू, कोणाचा फोन?" आईने आतून विचारलं.

निरुपमाने तोंड उघडलं. ते नाव काही तिला पुन्हा घेता येईना.