फोनमागचा वारा

लाइट गेली की लगेच वायरमनच्या नावानं शंख करू नका रे पोरांनो. येईल. कोणीतरी या थंडीत खांबावर चढलेला असेल, त्याचं त्याला करू द्या. तोवर त्या मोबाइलच्या बॅटऱ्या बंद करा, डोळ्यांवर येतात, आणि जरा शेकोटीजवळ सरका. तुम्हाला वकारचं सांगतो. धामणगाव बढ्याच्या पलीकडं विजेचं उपकेंद्र आहे ना, तिथं तो ऑपरेटर. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. पाच वेळची नमाज, तोंडात सुपारीसुद्धा नाही. त्यानं हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि सांगताना एकदाही हसला नाही.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, अमावास्येची आदली रात्र. त्या दिवशी ड्यूटीवर जाण्याआधी वकार अकरमच्या मोबाइलच्या दुकानात गेला होता. काम साधंच. उपकेंद्राचा एक मोबाइल असतो, त्याचा नंबर गावात सगळ्यांकडं. हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाइट नाही, म्हटल्यावर लोक फोन करणारच. त्याचं वकारला काही नव्हतं. पण काही बहाद्दर कुठल्याशा ॲपवरून, नंबर लपवून फोन करायचे. पडद्यावर नुसतं ‘खासगी नंबर’ यायचं आणि उचलला की आई-बहिणीचा उद्धार. सकाळी हीच माणसं हॉटेलात ‘वकारभाई, चहा घ्या’ म्हणणार! शिवी कोणाची ते कळत नाही, म्हणून अख्ख्या गावाकडं संशयानं बघावं लागतं, याचा त्याला फार त्रास व्हायचा.

अकरमनं फोनमध्ये काहीतरी खाटखुट केलं आणि परत दिला. “झालं. आता ज्याचा नंबर दिसत नाई, त्याचा फोन तुह्याकडे वाजणारच नाई.”

“पक्कं ना बे?”

“वाजला त इथं आणून माह्या डोक्यावर फोड.”

वकार खुशीत ड्यूटीवर गेला. उपकेंद्र म्हणजे काय, तारेच्या कुंपणात एक खोली. खोलीत फीडरची, म्हणजे गावोगावी जाणाऱ्या लाइनींची हँडलं, बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर. भिंतीवर ओळीनं खुंट्या, वायरमन लोकांचे खांबाला बांधून घ्यायचे कमरेचे पट्टे टांगायला. रात्री माणूस एकटा. लोक चिडून चालून येतात म्हणून फाटकाला आतून कुलूप, आणि काही झालं तरी हँडल सोडून जायचं नाही.

साडेसातच्या सुमारास गावच्या वायरमनचा, कचरूचा फोन आला. “वकारभाऊ, नाल्याजवळच्या खांबावरचा जंपर जळला. गावाचं फीडर बंद कर. परमिट दे.”

जंपर म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा. वकारनं फीडर पाडलं, हँडलवर ‘माणूस काम करत आहे’ ही लाल पाटी अडकवली आणि परमिट दिलं. परमिट म्हणजे या लोकांचा शब्द. ज्यानं घेतलं त्यानं खाली उतरून स्वतःच्या आवाजात ‘परत’ म्हणायचं, तेव्हाच लाइन चालू करायची. त्याआधी प्रत्यक्ष साहेब आला तरी हात लावायचा नाही.

आणि हे इतकं कडक का, तर पुंजाजीमुळं. पुंजाजी म्हणून एक वायरमन होता, हसरा, खांबावर गाणी म्हणणारा. कोविडच्या आधीची गोष्ट. त्याच नाल्याजवळच्या खांबावर तो चढलेला होता. उपकेंद्रात फोन वाजला, ‘पुंजाजी बोलतो, काम झालं, परमिट परत, चालू कर.’ आवाज हुबेहूब त्याचा. तेव्हाच्या ऑपरेटरनं चालू केलं. पुंजाजी वरच होता... तो फोन कोणी केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नंबर दिसलाच नव्हता. पुंजाजीचा पट्टा पोलिसांनी नेला, तो परत आला नाही. त्याची खुंटी तेव्हापासून रिकामी.

इकडं वकारच्या जिवाला दुसराच घोर. त्याचं घर त्याच फीडरवर. घरात त्याचे वडील, बद्रुद्दीनचाचा. छाती पार गेलेली, रात्रंदिवस ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीन चालतं लाइटवर. लाइट गेली तर एक छोटा सिलिंडर होता, तो जेमतेम पाऊण तास पुरायचा. म्हणून कचरूचा दुसरा फोन आला तेव्हा वकारनं सुटकेचा श्वास सोडला.

“झालं भाऊ. खाली उतरलो. परमिट परत. कर चालू.”

वकारनं पाटी काढली. हँडलला हात घातला. आणि फोन वाजला.

खासगी नंबर.

वकारनं मनातल्या मनात अकरमला दोन शिव्या घातल्या आणि फोन उचलला. “बोला! कोण हाये?”

शिवी आली नाही. नुसता वारा. उंचावर तारांमधून वाहतो ना, तसा. मग आवाज.

“चालू नको करू. मी वर हाये.”

“कोण?”

“पुंजाजी.”

फोन बंद झाला. कोणीतरी चेष्टा करतंय, वकारनं स्वतःला बजावलं. पण हात काही हँडलवर जाईना. त्यानं कचरूला फोन लावला. “कचरू, वर कोणी हाये का?”

“नाई बा. मी एकटाच. गाडीवर बसून तमाखू मळून राह्यलो. काऊन?”

तेवढ्यात मलिहाचा, त्याच्या बायकोचा फोन. “सुनो, अब्बांले लय दम लागून राह्यला. सिलिंडरचा काटा खाली आला. लाइट कधी येते?”

“आत्ता देतो. आत्ता...”

तिचा आवाज मधेच तुटला. पुन्हा वारा. “वकार... मी वर हाये...”

 फोन बंद करून टाकावा, तर मलिहाचा फोन यायचा. पळून घरी जावं, तर हँडल सोडता येत नाही, आणि लाइन चालू केल्याशिवाय घरी जाऊन उपयोग काय? खोलीत तो आणि ते हँडल. चालू केलं तर बाप वाचतो. आणि वर खरंच कोणी असलं तर?

त्यानं पुन्हा कचरूला लावला. “खांबाखाली जा. बॅटरी मार. आणि... पुंजाजीभाऊ, खाली उतरा, असं म्हण.”

 कचरू हळूच म्हणाला, “येडा झाला का बे तू?”

“तुह्या पाया पडतो. म्हण.”

पावलांचा आवाज आला. मग कचरूची हाक. “पुंजाजीभाऊ... काम झालं. उतरा खाली.”  मग कचरू एकदम म्हणाला, “अरे! वर काय चमकून राह्यलं?” आणि फोन तुटला.

वकार थांबला. कचरूला लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

मलिहा. “सिलिंडर संपला हो... अब्बा डोळे फिरवून राह्यले... काहीतरी करा...” ती रडत होती. मागून बापाचा श्वास ऐकू येत होता. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

फोन तुटला. लगेच वाजला.

खासगी नंबर.

“पुंजाजी बोलतो.” तोच आवाज. “उतरलो खाली. काम झालं. परमिट परत. चालू कर.”

वकारच्या डोळ्यांत पाणी आलं. या अल्ला, सुटलो! त्यानं हँडल पकडलं. उचलणार...

थांबला.

काहीतरी कमी होतं.

“चालू कर ना बे,” आवाज म्हणाला.

वारा. मागं वारा नव्हता.

नाल्याजवळ उभा असलेला माणूस आणि मागं वारा नाही? मागं काहीच नव्हतं. बंद खोलीतून बोलावं तसं. अगदी जवळून.

“तुह्या बापाचा जीव चालला... चालू कर.”

वकारनं हँडलवरचा हात काढला. दुसऱ्या हातानं तो हात धरून ठेवला. “नाई,” तो म्हणाला. “नाई करत.” फोनमध्ये कोणीतरी हळूच हसलं. वकार जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आपण आपल्या हातानं बापाला मारतोय, हेच त्याच्या मनात होतं. अब्बा, माफ करा... अब्बा...

फोन वाजला. कचरू.

“वकारभाऊ!” तो धापा टाकत होता. “बरं झालं, चालू नाई केलं! माही पक्कड वरच राह्यली होती. बॅटरीत चमकली. लाइट आली नाई, म्हटलं पटकन घेऊन येतो. फोन गाडीवरच ठेवला... मी वर होतो भाऊ. तारेले धरून होतो.”

त्याच्या मागं वारा होता. भणाणणारा, मोकळा वारा.

“पाय जमिनीवर हायेत?”

“हायेत.”

“परमिट?”

“परत, भाऊ. परत.”

वकारनं हँडल उचललं. दूरवर गाव उजळलं. त्यानं घरी फोन लावला. खूप वेळ वाजला... मग कोणीतरी उचलला. बोललं कोणी नाही. पण मशीनचा आवाज येत होता.

“मलिहा... अब्बा?”

“डोळे उघडले,” ती म्हणाली. “पाणी मागून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी त्यानं अकरमला फोन दाखवला. सेटिंग जशीच्या तशी चालू होती. आलेल्या फोनांत एकही खासगी नंबर नव्हता. ‘काढून टाक ती सेटिंग,’ वकार म्हणाला. तेव्हापासून तो शिव्या देणाऱ्यांचेसुद्धा फोन उचलतो. आधी बोलत नाही. मागं वारा आहे का, ते ऐकतो.

पण त्या रात्रीचं एक राहिलंच. लाइन चालू झाल्यावर लाल पाटी जागेवर ठेवायला तो भिंतीकडं वळला. फाटकाला आतून कुलूप. किल्ली त्याच्या खिशात. आणि पुंजाजीच्या रिकाम्या खुंटीवर एक पट्टा टांगलेला... जुना, चामड्याचा, एका बाजूनं जळालेला.

वकारनं हात लावला.

कोणीतरी कमरेचा आत्ताच सोडून ठेवावा, तसा तो गरम होता.