तीन हजार आठशे

"ते पाण्यात नाहीत," मोजणीदारांची बायको दारातूनच म्हणाली. "पाणबुडे कालपासून पाण्यातच शोधताहेत. तुम्ही जमिनीवर शोधा."

वहिनींनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. भाऊजी उभेच राहिले. सकाळचे आठ वाजले होते, चहा अजून गॅसवर होता, आणि तो आज आपल्या नशिबात नाही हे त्यांना कळून चुकलं.

वहिनींनी तीस वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली होती. निवृत्तीनंतर त्यांनी तेच काम खासगीत सुरू केलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायची, टिपणं काढायची आणि चुकीचा तर्क सगळ्यांच्या आधी करायचा, एवढी जबाबदारी त्यांच्यावर होती.

"धरणाच्या तलावाभोवती पायवाट आहे ना, ती हे मोजत होते," बाई सांगू लागली. "नोकरी संपली तरी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सगळं दोनदा मोजायचं. एक फेरी पुरी झाली होती, काल सकाळी सातला दुसरी सुरू केली. संध्याकाळी हे आकडे सांगतात आणि मी ते वहीत उतरवते. ही बघा वही."

"पहिल्या फेरीत किती भरलं?"

"एकोणीस किलोमीटर आणि वर थोडं. फाटकावरच्या पाटीवर एकवीस लिहिलंय. दरवर्षी तिथे चालण्याची शर्यत होते, पदकं देतात. ह्यांनी शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरींना सांगून टाकलं, दुसरी फेरी झाली की पाटी बदला."

"आणि काल?"

"दुपारी त्यांचं अंतर मोजायचं चाक सापडलं. कड्यावर मोडका कठडा आहे, त्याच्याजवळ. खाली खोल पाणी. सगळे म्हणतात, तोल गेला. पण ह्यांना उंचीची भीती वाटते हो. स्टुलावर चढायचं तर मला हाक मारतात. ते कठड्याशी कशाला जातील?" तिने पदराने डोळे पुसले. "सव्वीस वर्षांचा संसार आहे. ते गेले असते तर मला आतून कळलं असतं."

आतून कळणं हा पुरावा नव्हे, हे वहिनी एरवी तोंडावर सांगत. आज मात्र वही पिशवीत टाकून त्या उठल्या आणि बाईलाही बरोबर घेऊन निघाल्या.

पायवाटेचं कार्यालय फाटकापाशी होतं. एक खोली आणि पुढे लांब व्हरांडा. समोर तलाव इतका मोठा की पलीकडचा काठ नुसता रेघेसारखा दिसत होता. एवढ्या पाण्यात माणूस कुठे शोधायचा, आणि तोही चोवीस तास उलटल्यावर? भाऊजी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले.

"भाऊजी, तुम्ही बसा. तुमच्यामुळे फरशी झिजेल," वहिनी म्हणाल्या.

कार्यालयात तपासावरचे फौजदार होते; त्यांनी टेबलावरची चादर सोडली. आत गुडघ्याएवढं लोखंडी चाक होतं, लांब दांड्याचं. आसाजवळ झाकणाची छोटी डबी होती. वहिनींनी झाकण उघडलं. आत चाक किती मीटर चाललं ते दाखवणारे आकडे होते: तीन हजार आठशे.

"हा आकडा कोणी पाहिलाय?"

"कोणीच नाही. राखणदाराने चाक जागेवरच दाखवलं, मी ते चादरीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. झाकण उघडायचं असतं हे मलाही आत्ताच समजलं."

भाऊजींनी वही उघडली. मोजणीदारांच्या बायकोचं अक्षर मोत्यासारखं होतं. फाटक, शून्य. वडाचं वळण, अठराशे. खाणीचं तोंड, पाच हजार. कठडा, सहा हजार दोनशे.

"मग सोपं आहे," भाऊजी म्हणाले. "काल त्यांनी फाटकापासून सुरुवात केलीच नाही. मधूनच कुठूनतरी केली."

वहिनी नुसत्या हसल्या. हे हसणं भाऊजींच्या चांगलं ओळखीचं होतं.

पहिल्यांदा राखणदार आला. बिचारा रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. "बाईसाहेब, कठडा मोडलाय म्हणून मी तीन अर्ज दिलेत. आता म्हणतात, तूच जबाबदार."

"काल ते निघाले तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"होतो की. चाक शून्यावर आणतात, झाकण उघडून मला दाखवतात, 'साक्षी राहा' म्हणतात आणि मगच निघतात. महिनाभर माझा चष्मा फुटलेला आहे, तरी दाखवतात. मी आपला मान हलवतो."

भाऊजींचा तर्क तिथेच निकालात निघाला. त्यांनी आपल्या टिपणवहीत उगाचच एक रेघ मारली.

मग नावाडी आला, हात बांधून आणि तोंड वाकडं करून. त्याचा होडीचा धक्का पायवाटेवर येतो असं मोजणीदारांनी त्याला बजावलं होतं. "भांडण झालं होतं आमचं, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी मी माणूस बुडवीन का? मी काल मधल्या पाण्यात जाळं टाकून होतो. नऊच्या सुमाराला ते खाण ओलांडून कड्याकडे चाललेले मला दिसले."

"चेहरा दिसला?"

"इतक्या लांबून? चाक दिसलं. दमले असावेत, रुसलेल्या पोराला ओढत न्यावं तसं चाक मागनं ओढत होते."

वहिनींनी मोजणीची वही घेतली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग त्या फौजदारांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. फौजदार ताडकन उठले. दोन मिनिटांत राखणदार, दोन शिपाई, दोर आणि स्ट्रेचर जीपमध्ये होतं. जीप धुरळा उडवत गेली; फौजदार मागे थांबले.

"वहिनी, काय झालं? कुठे गेले ते?" भाऊजींना राहवेना.

"सांगते. आधी सेक्रेटरींना बोलवा."

सेक्रेटरी इस्त्रीच्या कपड्यांत आले. मोजणीदारांच्या बायकोला त्यांनी हात जोडून नमस्कार केला, चेहरा पाडला आणि खुर्चीत बसले. काल सकाळभर ते घरी होते, पाठ धरली होती, पायवाटेवर पाऊलही टाकलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

"पाटीवरचे एकवीस किलोमीटर कोणी मोजले?" वहिनींनी विचारलं.

"मी. आठ वर्षांपूर्वी. पावलांनी. माझं पाऊल अगदी घड्याळासारखं पडतं."

"मोजणीदार म्हणत होते, दोन किलोमीटर कमी भरतात."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "त्या भंगार चाकावर? अहो, कठड्यापर्यंत सहा किलोमीटर होतात हे लहान मूल सांगेल. आणि चाक चार हजारसुद्धा दाखवत नव्हतं. असल्या यंत्राच्या भरवशावर आठ वर्षांची पदकं खोटी ठरवायला निघाले होते."

"भाऊजी, हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या," वहिनी म्हणाल्या. "आणि ते चाक घेऊन माझ्याबरोबर व्हरांड्यात या. सगळेच या."

व्हरांड्याच्या एका टोकाला त्यांनी चाक जमिनीवर टेकवलं आणि झाकण उघडून सर्वांना आकडा दाखवला. मग चाक पुढे ढकलत त्या दहा मीटर चालल्या. आकडा तीन हजार आठशे दहा झाला.

"मोजणारा माणूस चाक असं पुढे ढकलतो. आता बघा." तिथून त्यांनी दांडा पाठीमागे धरला आणि चाक ओढत त्या तशाच पुढे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. आणखी दहा मीटर. भाऊजी वाकून बघू लागले. आकडा पुन्हा तीन हजार आठशेवर आला होता.

"मागून ओढलं की चाक उलटं फिरतं आणि आकडे कमी होतात. मोजणीदार हे कधीच करणार नाहीत. नावाड्याला दिसला तो माणूस दुसराच होता. आता हिशोब सोपा आहे. फाटकापासून कठडा सहा हजार दोनशे. त्यातलं काही अंतर मोजणीदारांनी ढकलत कापलं, उरलेलं त्या दुसऱ्याने ओढत. दोन्हींची बेरीज सहा हजार दोनशे, वजाबाकी तीन हजार आठशे."

भाऊजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"राहू द्या, भाऊजी, दिवस मावळेल. पाच हजार आणि बाराशे. पाच हजारावर खाणीचं तोंड आहे. धरणाला लागणारा दगड जिथून काढला ती कोरडी खाण. चाक तिथे हात बदलून पुढे गेलं. माणूस तिथून पुढे गेलाच नाही. पाणबुडे सव्वा किलोमीटर लांब, डोंगराच्या पलीकडे शोधत बसले."

"पण ओढणारा कोण?" भाऊजींनी विचारलं.

"फौजदारांनी चाक उचललं तेव्हापासून झाकण उघडलं ते फक्त आज सकाळी, आमच्यासमोर. राखणदाराला चष्म्याशिवाय आकडे वाचता येत नाहीत. तरी चाक चार हजारसुद्धा दाखवत नव्हतं हे एका माणसाला ठाऊक आहे." वहिनी सेक्रेटरींकडे वळल्या. "चाक ठेवून तुम्ही गप निघून गेला असतात तर मी अजून चाचपडत असते. पण तुम्हाला राहवलं नाही. हे चाक खोटं बोलतं, हे एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं तुम्हाला. झाकण उघडलंत, आकडा कमी दिसला आणि जीव सुखावला. तो आकडा तुम्हीच कमी करत आला होतात, हे मात्र तुम्हाला कळलं नाही."

सेक्रेटरींनी खांबाचा आधार घेतला. "मी फक्त वही मागत होतो," ते पुटपुटले. "झटापट झाली. त्यांचा पाय निसटला. ते खाली पडले ते हललेच नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं. जिवंत असते तर मी सोडून गेलो असतो का?"

फौजदारांचा फोन वाजला. त्यांनी दोन शब्द ऐकले आणि फोन मोजणीदारांच्या बायकोच्या हातात दिला.

"कुठला पाय मोडलाय?" तिने विचारलं. मग, "पाणी दिलं का त्यांनी? घोट घोट प्या." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

तिने फोन परत दिला आणि ती सेक्रेटरींसमोर जाऊन उभी राहिली.

"हे म्हणतात, त्यांनी तुम्हाला तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तुम्ही थांबलात, वळून खाली बघितलंत. मग चाक उचललंत आणि गेलात."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. भाऊजींना त्या माणसाकडे बघवेना. त्यांनी गाडी फाटकापाशी आणली, बाईला पुढे बसवलं आणि गाडी खाणीच्या दिशेने वळवली.